आसरांचं तळं

"नाव काय म्हणालीस त्या तळ्याचं?" आईने मागच्या सीटवरून विचारलं. मी सांगितलं, डेव्हिल्स लेक. आणि आजीला कळावं म्हणून माझ्या लेकीने लगेच मराठी करून दिलं, "म्हणजे सैतानाचं तळं, आजी."

आई गप्प झाली. मॅडिसन मागे पडलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका पुरुषभर उंच उभा होता, ऑगस्टची सकाळ. तिला सकाळपासून बाहेर बघायला खूप आवडत होतं, तेही तिने थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाण्याला असलं नाव कुणी ठेवलं गं?"

मला सांगता येईना. २०१२ पासून मी तिथे जाते. शिकागोच्या आमच्या सबर्बपासून पावणेतीन-तीन तास लागतात, विस्कॉन्सिनमधल्या बॅराबू गावाला लागूनच हा स्टेट पार्क आहे, आणि इतक्या वर्षांत वर्षातून दोनदा तरी आमची चक्कर होतेच. पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

आधी जागा कशी आहे ते सांगते. साधारण ३६० एकरांचं तळं, त्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला जांभळट-गुलाबी दगडाचे सरळ उभे कडे, पाण्यापासून पाचशे फुटांपर्यंत वर गेलेले. उत्तर आणि दक्षिण टोकाला वाळूचा किनारा, तिथे लोक पोहतात, कायाक काढतात. पेट्रोलवर चालणाऱ्या मोटरबोटींना बंदी असल्यामुळे पाण्यावर आवाज असा नाहीच, वल्ह्यांचा आणि पोरांचा काय तो. पूर्वेच्या कड्याखालून, अगदी पाण्याच्या कडेने एक रेल्वे रूळ जातो. तो १८७३ सालचा. त्या काळी शिकागोचे लोक उन्हाळ्यात ह्याच रुळावरून इथे हवा खायला यायचे, काठावर मोठमोठी हॉटेलं होती. १९११ साली स्टेट पार्क झाला आणि हे सगळं सर्वांसाठी खुलं झालं.

पहिल्यांदा आले ती नोकरीतल्या चार मैत्रिणींबरोबर. तेव्हा आमचं ठरलेलं असायचं, सकाळी पोचायचं, पूर्वेचा कडा चढायचा, बॅलन्स्ड रॉक म्हणून एक प्रचंड दगड निमुळत्या टोकावर उभा आहे त्याच्याशी फोटो, पुढे डेव्हिल्स डोअरवे म्हणून दगडांची एक चौकट आहे तिथे फोटो, खाली येऊन पाण्यात डुंबायचं आणि संध्याकाळी परत. त्याचाही आनंद खरा होता, त्याला मी कमी लेखत नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इलिनॉयच्या सपाटीवर वर्ष काढल्यावर पायाखाली चढ लागला की काय वाटतं ते मला माहीत आहे. छाती भरून येते. पण त्या जागेबद्दल मला काही म्हणजे काही माहिती नव्हती, आणि ती झाली २०२३ च्या त्या ऑगस्टात, जेव्हा आईबाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, नुकतेच रिटायर झालेले. गेटवर पास घेताना त्यांनी पहिलं हे विचारून घेतलं की पैसे माणशी की गाडीमागे. गाडीमागे, म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं, म्हणाले म्हणजे गरिबाचं मोठं खटलं असलं तरी येऊ शकतं. बाहेरच्या राज्यातल्या गाडीला थोडे जास्त पडतात, तेही त्यांना पटलं. (उन्हाळ्यात शनिवार-रविवारी जाणार असाल तर आठच्या आत पोचा, नंतर पार्किंगला जागा मिळत नाही.)

दक्षिण काठावर ओकच्या सावलीत एक टेबल धरलं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा, आणि वाटेत शेतकऱ्याच्या टपरीवरून घेतलेली दोन डझन कणसं. नवरा शेगडीतले कोळसे पेटवायच्या मागे लागला, लेक पाण्याकडे पळाली, आणि बाबा, त्यांच्या सवयीप्रमाणे, माहितीचे फलक वाचायला गेले. शिक्षक माणूस, एक फलक सोडत नाही. कळत नाही तिथे मला हाक मारायचे आणि मी मराठीत सांगायचे. अकरा वर्षांत मी ते फलक पहिल्यांदा नीट वाचले ते असे.

तर त्या फलकांवर होतं ते असं की हा दगड मुळात वाळू होती, उथळ समुद्राच्या काठची. दीडशे कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची. ती दाबली जाऊन, तापून तिचा क्वार्ट्झाइट झाला, इतका कठीण की आजूबाजूचं सगळं झिजलं तरी हे डोंगर राहिले. काही कातळांवर पाण्याच्या लाटांनी वाळूवर उमटतात तशा वळ्या अजून दिसतात. बाबांनी एका वळीवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, आपला सह्याद्रीचा दगड किती वर्षांचा? साडेसहा कोटींच्या आसपास, मी म्हटलं. "म्हणजे आपला अगदी पोरसवदा," म्हणाले आणि पुन्हा बोट फिरवलं.

ह्या डोंगरातून पूर्वी एक नदी वाहायची. मग हिमयुगात बर्फाची प्रचंड जिभेसारखी लाट पूर्वेकडून आली, डोंगराला वेढा घालून थांबली, आणि तिच्या तोंडाशी वाहून आणलेली माती, रेती, दगडगोटे ह्यांचा ढीग दरीच्या दोन्ही तोंडांवर टाकून, काही हजार वर्षांनी वितळून गेली. नदीने दुसरी वाट धरली. दोन ढिगांच्या मध्ये पाणी साठलं, तेच हे तळं. ह्याच्या पश्चिमेला मोठा मुलूख असा आहे की जिथे बर्फ कधी पोचलाच नाही, आणि इथे तो येऊन थांबला, ती सीमा ह्या पार्कातून जाते.

मी हे सांगत असताना बाबा खाली काडीने मातीत काहीतरी काढत होते. दोन्ही बाजूंना डोंगर, दोन्ही तोंडांना मातीचे बांध. "बाहेर जाणारा ओढा?" विचारलं. नाही, मी म्हटलं, एक छोटासा ओढा आत येतो, बाहेर जाणारा नाही, पाणी जमिनीतच मुरतं. बाबा उठून उभे राहिले.

"अगं मग हा पाझर तलाव आहे!"

ते कुठल्या तलावाबद्दल बोलतायत हे मला लगेच कळलं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, माण नदीच्या पट्ट्यात, एक पाझर तलाव आहे, १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या लोकांनी बांधलेला. माझी आजी त्या बांधावर पाट्या वाहायची. बाबा तेव्हा आठ वर्षांचे, तिच्याबरोबर जायचे, कारण कामावर पोरांना सुकडी मिळायची. मिलो म्हणून लाल ज्वारी यायची रेशनवर, ती अमेरिकेतून आलेली, तिच्या भाकरीला चव नव्हती आणि थापताना तुटायची, पण तिने जगवलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आणि आता बाबा त्याच अमेरिकेत एका तळ्याच्या काठावर उभे राहून मला पाझर तलाव समजावून सांगत होते, बांधातून पाणी कसं झिरपतं, खालच्या विहिरींना कसं पाणी येतं, आणि त्यांचा आवाज वर्गात असायचा तसा झाला होता.

जेवण झाल्यावर ते म्हणाले, कडा चढू. मी जरा घाबरले, गुडघे दुखतात त्यांचे, आणि बॅलन्स्ड रॉकची वाट म्हणजे रूळ ओलांडला की सरळ दगडी पायऱ्याच, लहान-मोठ्या, काही गुडघाभर उंच. पण ते निघालेच. थांबत थांबत, काठी टेकत. अर्ध्यावर एका पायरीवर बसले आणि दगड बघायला लागले. कसा बसवलाय बघ, म्हणाले, सिमेंट नाही काही नाही, कातळाच्या खोबणीत बसवलाय आणि हलत नाही. कुणी केलं हे?

ते मात्र मला सांगता आलं, मघाशीच वाचलेलं. १९२९ नंतरच्या मंदीत अमेरिकेत लोकांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या सरकारने गरीब घरातल्या तरुण पोरांसाठी एक योजना काढली, सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, सगळे सीसीसी म्हणतात. जंगलं लावायची, वाटा बांधायच्या, पार्क उभे करायचे. महिन्याला तीस डॉलर, त्यातले पंचवीस परस्पर घरी पाठवले जायचे. इथे १९३५ ते १९४१ त्यांची छावणी होती, दोनशेच्या आसपास पोरं बराकीत राहायची. ह्या पायऱ्या त्यांच्या. पहारी, हातोडे आणि अंगातलं बळ.

"पंचवीस घरी," बाबा म्हणाले. नंतर बराच वेळ काही बोलले नाहीत. वरून उतरणारे लोक आम्हाला वाट करून देत होते, हाय हॅलो करत होते, आणि बाबा त्या पायरीवर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "माझ्या आईने वाहिलेली माती अजून पाणी अडवतीये. पण तिथे असला फलक नाही."

मला हे फार लागलं. महाराष्ट्राने त्या दुष्काळातल्या अनुभवातून पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, देशाने २००५ मध्ये केला, हे सगळं आपण अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवं. पण गावोगावचे ते तलाव, ते बंधारे, ते रस्ते ज्या बायाबापड्यांनी खडी फोडून, पाट्या वाहून केले त्यांचं नाव तर सोडाच, "हे ७२ साली गावकऱ्यांनी बांधलं" एवढी एक ओळही आपण कुठे लिहीत नाही. आमच्या तलावावर तरी ती लिहायचीच, असं मी त्या पायरीवर ठरवलं.

वर पोचलो तेव्हा तो दगड बघण्यापेक्षा बाबांनी खालचं तळं जास्त बघितलं. टर्की व्हल्चर, म्हणजे इथली गिधाडं, आमच्या पायांच्या पातळीला तरंगत होती, पंख न हलवता. दोन्ही टोकांचे बांध वरून अगदी स्पष्ट दिसतात, त्यांच्यावर आता झाडं वाढलीयेत. फोटो त्यांनी काढला तो बांधांचा.

खाली आलो तर आई टेबलावर नव्हती. शेजारच्या टेबलावर एक मोठं मेक्सिकन कुटुंब होतं, त्यांचीही कणसं भाजणं चाललेलं, आणि आईचं लिंबू-तिखट-मीठ लावलेलं कणीस त्यांच्या आजीच्या हातात आणि त्यांचं चीज आणि तिखट लावलेलं माझ्या लेकीच्या हातात. त्या आजींनी मला हातानेच दाखवलं, तुझी आई तिकडे गेली.

आई गवतातल्या एका उंचवट्याजवळ उभी होती, चप्पल काढून. तो उंचवटा मी शंभर वेळा तरी बघितला असेल. गुडघा-कमरेएवढा उंच, लांबट, गवताने झाकलेला, आणि मला तो नुसता उंचवटाच वाटायचा. तो पक्षी आहे. पंख पसरलेला पक्षी, मातीचा, हजारेक वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी टोपल्यांनी माती वाहून रचलेला. उत्तर काठावरही असे आहेत, तिथे अस्वल आहे. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये असे प्राण्या-पक्ष्यांच्या आकाराचे खूप होते, त्यातले कितीतरी नांगराखाली गेले.

"तू चप्पल का काढलीस?" मी विचारलं. फलक तिला वाचता येत नव्हता. ती म्हणाली, "पाण्याच्या काठाला मुद्दाम कुणी माती रचली, तर ती देवाचीच असणार ना."

मग आम्ही दोघी तिथेच गवतात बसलो आणि मी तिला फोनवर शोधून शोधून सांगत गेले. ही भूमी इथल्या मूळच्या हो-चंक लोकांची. त्यांच्या भाषेत ह्या तळ्याचं नाव "ते वाकांचांक", "ते" म्हणजे तळं आणि "वाकांचांक" म्हणजे पवित्र. पवित्र तळं. त्यांची कथा अशी की आकाशातले मेघगर्जनेचे पक्षी आणि पाण्यात राहणाऱ्या शक्ती ह्यांचं मोठं युद्ध झालं, पक्ष्यांनी वरून वज्रं टाकली, पाण्यातल्यांनी खालून दगड आणि पाणी उडवलं, आणि कड्याखाली आज जो प्रचंड दगडांचा खच पडलाय तो त्या युद्धातला. (हिमयुगातल्या थंडीत फटींमधलं पाणी गोठून कातळ फुटत गेले हे फलकावर आहे, तेही मी तिला सांगितलं, तिने दोन्ही सारखंच मन लावून ऐकलं.)

"पाण्यात राहणाऱ्या म्हणजे आसरा," आई म्हणाली.

मी एकदम तिच्याकडे बघितलं. आईच्या माहेरी विहिरीच्या काठाला सात दगड आहेत, शेंदूर लावलेले. साती आसरा. पाण्यातल्या बाया. त्यांना हळदकुंकू, हिरवा खण, दहीभाताचा नैवेद्य. लहानपणी आम्हाला तिन्हीसांजेला विहिरीकडे जाऊ द्यायचे नाहीत, आसरा ओढून नेतात म्हणायचे, आणि नवीन सून घरात आली की पहिल्यांदा त्यांच्याच पाया पडायला न्यायचे. भीती पण आहे, माया पण आहे, आणि दोन्ही एकाच दगडाशी.

आई म्हणाली, "आता समज आपल्या विहिरीवर एखादा साहेब आला. त्याने विचारलं, ह्यात काय आहे? आपण सांगितलं, आसरा आहेत बाबा, जपून. तो म्हणाला, म्हणजे भूत? आता आपल्याला त्याची भाषा येत नाही, त्याला आपली येत नाही. झालं. त्याने लिहून घेतलं, भुताची विहीर."

सकाळच्या तिच्या प्रश्नाचं उत्तर तिनेच दिलं होतं. खरोखर असंच झालेलं आहे, "पवित्र", "शक्तीचं" ह्या अर्थाच्या शब्दाचं गोऱ्या वसाहतवाल्यांनी डेव्हिल केलं आणि तेच नकाशावर चढलं. आणि नुसतं नाव नाही गेलं. १८३७ च्या तहात हो-चंक लोकांची विस्कॉन्सिनमधली उरलीसुरली जमीन गेली, मग त्यांना पुन्हा पुन्हा हाकललं, आयोवा, मिनेसोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का, आणि दर वेळी त्यांच्यातले काही लोक चालत परत आले. शेवटी त्यांच्यापैकी अनेकांना इथेच राहू द्यावं लागलं. ते आजही ह्या राज्यात आहेत, ह्या तळ्याला त्यांच्या नावाने ओळखतात.

हे सांगून झाल्यावर आईने पदराने डोळे पुसले. परत आले, म्हणाली, चालत आले. तिचं स्वतःचं माहेर धरणाखाली गेलेलं नाही पण तिच्या मावशीचं गेलंय, आणि मावशी म्हातारपणापर्यंत उन्हाळ्यात पाणी आटलं की देवळाचा कळस दिसतो का बघायला जायची.

तेवढ्यात दोन मुलं त्या पक्ष्याच्या पाठीवर चढून खाली घसरायला लागली, आईवडील बाजूला फोनवर. मी उठून त्यांना सांगितलं, हसून सांगितलं, हे काय आहे ते. वडिलांनी लगेच मुलांना उतरवलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मला राग आला नाही, मी स्वतः काही वर्षांपूर्वी ह्याच उंचवट्याला टेकून चादर पसरली होती. पण आपल्या लोकांच्या ग्रुप पिकनिकनंतर टेबलाखाली फॉइलचे ट्रे आणि पाण्याच्या बाटल्या पडलेल्या मी बघितल्यात आणि त्याचा मला खरंच राग येतो. आपण ज्या पाण्यात उतरतो त्याच्या काठावर उष्टं टाकून जायचं हे आपल्या आज्यांना चाललं नसतं.

आणि इथे पाण्याची काळजी कशी घेतात तेही बघण्यासारखं आहे. जुन्या हॉटेलांचं, शेतांचं सांडपाणी वर्षानुवर्षं तळ्यात जाऊन तळाशी फॉस्फरस साठला, त्याने शेवाळं वाढायचं. २००२ मध्ये तळ्याच्या खोल भागातलं ते पाणी पाइपाने बाहेर काढायला सुरुवात झाली, पंप न लावता, नुसत्या उताराच्या जोरावर. सायफन. बाबांना हे इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर त्यांनी लेकीकडून स्ट्रॉ आणि दोन पेले घेऊन तिला गाडीतच सायफन करून दाखवला, सीट ओली झाली.

निघण्याआधी आई पाण्याशी गेली. साडी घोट्याच्या वर धरून पावलं बुडतील एवढं उतरली, वाकून ओंजळ भरली, परत पाण्यात सोडली. पर्समध्ये कुंकवाची डबी असते तिच्या, ती बाहेर काढली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे टाकू नये ना काही?" नको गं, म्हटलं. तिने डबी बंद केली, बोटाला लागलेलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं आणि पाण्याला नमस्कार केला. शेजारी एक बाई कायाक ओढत होती, ती तेवढा वेळ थांबली.

आता आमच्या घरात कुणी डेव्हिल्स लेक म्हणत नाही. लेकीने शाळेत ह्या तळ्यावर प्रोजेक्ट केला तेव्हा वर "ते वाकांचांक" असं लिहिलं आणि खाली चित्र काढलं, पाण्यातून सात बाया वर बघतायत, आकाशात पक्षी. टीचरने विचारलं ह्या सात जणी कोण, तर तिने सांगितलं, ह्या माझ्या आजीच्या गावच्या आहेत, भेटायला आल्यात.

गावच्या तलावावरची पाटी गेल्या मे महिन्यात लागली. साधीच आहे, काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, "सन १९७२, दुष्काळी कामावरच्या गावकऱ्यांनी बांधला", आणि खाली म्हाताऱ्या माणसांना आठवली तेवढी ४१ नावं. आजीचं नाव तिसरं आहे. बाबा आता रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जातात आणि रविवारी फोनवर पाणी कुठल्या दगडापर्यंत आलंय ते सांगतात. मग विचारतात, "तुमच्या तलावाचं काय? औंदा बर्फ पडला का नीट?"

पडला बाबा, मी सांगते. चांगला पडला.